खाजेची ट्यूब आणि बाप्या माणसाची लाज

रोपलावणी सुरू झाली की कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात आमच्या खानापुरातल्या औषधाच्या दुकानांत एका ठरावीक प्रकारचं गिऱ्हाईक वाढतं. बाप्या माणूस असतो. काउंटरपाशी कुणी बाई उभी असली तर तो पायरीवरच थांबतो, भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहतो. दुकान मोकळं झालं की पुढं येतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, "खाजेची एक ट्यूब द्या की." कुठं खाजतंय, किती दिवस झाले, घरात आणखी कुणाला आहे का, असं विचारलं की अवघडतो. "हाय जरा. द्या तुम्ही." तोवर नोट काउंटरवर ठेवलेली असते.

मी औषधविक्रेता. माझ्या कामाची सगळी वर्षं या काउंटरच्या आतल्या बाजूला गेली. तापाचं, खोकल्याचं, पोटदुखीचं औषध माणसं चारचौघांदेखत मागतात. कातडीचं दुखणं मात्र पुरुष लपवतो, अगदी बायकोपासूनही. लपवता येईना इतकं वाढलं की मग त्याला घाई होते. आज लावलं की उद्या गेलं पाहिजे. या लाजेनं आणि या घाईनं आमच्या भागात साध्या त्रासांची वर्षानुवर्षांची दुखणी करून ठेवली आहेत. वेळेवर दाखवलं तर यातले बहुतेक त्रास थोडक्या पैशांत बरे होतात. कितीतरी तर मुळात टाळता येतात.

आणखी एक अडचण आहे. ट्यूबवरचा मजकूर इंग्रजीत, बारीक अक्षरांत. सरकारी दवाखान्यातला माहितीचा फलक कन्नडमध्ये. आमच्या खेड्यांतली साठीच्या पुढची बरीच माणसं मराठी शाळेत शिकलेली. त्यांचं पेपरवाचन रोजचं, पण हातातल्या औषधावरची एक ओळ त्यांना लागत नाही. म्हणून हे मराठीत आणि जरा सविस्तर लिहितोय.

आधी त्या ट्यूबबद्दलच.

जांघेत, कमरेला, काखेत गोल चट्टा उठतो. कड लाल, किंचित उंच, बारीक पुटकुळ्यांची. मधला भाग निवळल्यासारखा. यालाच गजकर्ण म्हणतात, नायटा म्हणतात. ही बुरशी आहे. कातडीच्या सगळ्यांत वरच्या मेलेल्या थरात, नखांत आणि केसांत केराटिन नावाचं प्रथिन असतं, त्यावर ती जगते. मधलं खाऊन झालं की कडेनं बाहेर सरकते, म्हणून चट्टा गोल दिसतो. लाली आणि खाज येते ती बरीचशी आपलं शरीर तिच्याशी झगडत असतं म्हणून.

आता 'सगळ्यावर चालणारी' जी स्वस्त मलमं मिळतात, त्यांत तीन-चार औषधं एकत्र असतात. एक बुरशीचं, एक-दोन जंतूंची आणि एक स्टिरॉइड. स्टिरॉइडचं नाव बहुधा क्लोबेटासोल, नाहीतर बीटामेथासोन. ते शरीराचं झगडणंच दाबून टाकतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, माणसाला वाटतं गुण आला. बुरशी तिथंच असते आणि आता तिला अडवणारं कुणी नसतं. मलम थांबवलं की दुप्पट जोरानं उठते. पुन्हा मलम, पुन्हा तेच. असं काही महिने चाललं की चट्ट्याची कड पुसट होते, चट्ट्याच्या आत दुसरा चट्टा दिसायला लागतो आणि डॉक्टरलाही पाहताक्षणी ओळख पटत नाही. कातडी पातळ होत जाते ती वेगळीच.

जांबोटीकडच्या एका तरुणानं मला दुकानाच्या मागच्या खोलीत मांडी दाखवली होती. जांघेपासून खाली, बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे जांभळट वळ. काही ठिकाणी कातडी इतकी विरलेली की शिरा दिसत होत्या. "मामा, खाज गेलती. मग हे काय उठलंय?" असं तो विचारत होता. त्यानं जे लावलं होतं त्याची ट्यूब खिशातच होती. वळ रंगानं फिके होतात, पण पूर्ण जात नाहीत. हे मला त्या पोराला सांगावं लागलं.

केंद्र सरकारनं 2018 मध्ये स्टिरॉइडची बरीच मलमं 'शेड्यूल एच'मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 328 मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत अशी काही मलमंही होती. कायदा झाला, ट्यूब मिळायची थांबली नाही. मी देत नाही म्हटलं की माणूस पुढच्या दुकानात जातो आणि घेऊन येतो. हा दोष माझ्या धंद्याचा आहे आणि तो गिऱ्हाइकाच्या अडाणीपणावर ढकलणं मला पटत नाही.

यात आता एक नवी भानगड झाली आहे. जपानमध्ये तपासलेल्या भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून 2020 मध्ये नायट्याच्या बुरशीची एक नवी जात नोंदवली गेली. तिचं नाव ट्रायकोफायटन इंडोटिनी. टर्बिनाफिन हे नायट्यावरचं एके काळचं हुकमी औषध, या बुरशीवर बऱ्याचदा चालत नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कला तिचे रुग्ण सापडले तेव्हा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं तिथल्या डॉक्टरांना सावध केलं. म्हणजे आमच्या जांघेतली खाज ही आता जगाच्या काळजीची बाब आहे. अर्धवट उपचार आणि चुकीची मलमं यांचा तिच्या फैलावाशी संबंध असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात.

तेव्हा नायटा असेल तर स्टिरॉइड नसलेलं, नुसतं बुरशीचं मलम, आणि तेही डॉक्टरनं सांगितलेलं. लावायचं ते चट्ट्याच्या कडेच्या बाहेर दोन बोटांपर्यंत, कारण बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढं गेलेली असते. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस, साधारण आणखी दोन आठवडे, लावत राहायचं. खाज थांबली म्हणून ट्यूब फळीवर ठेवून देतात, तिथंच बहुतेकांचं फसतं. आणि घरात ज्यांना ज्यांना आहे त्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी व्हायला हवा. नाहीतर टॉवेलवरून आणि अंथरुणावरून ती घरातल्या घरात फिरत राहते.

मलमाइतकंच कपड्यांचं महत्त्व आहे. जांबोटी, कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते तो सगळा भाग, तिथं जून ते सप्टेंबर कपडा असा वाळतच नाही. बाकीचे कपडे पडवीतल्या दोरीवर तरी जातात; पुरुषाची अंडरपँट न्हाणीघरातच पिळून खुंटीला अडकवलेली असते, तिथल्याच वाफेत. सकाळी ती दमट अंगात चढते, वरून जाड जीन्स, पट्टा आवळलेला आणि दिवसभर मोटारसायकलची सीट. बुरशीला ऊब, घाम आणि अंधार लागतो. सगळं तिला आयतं मिळतं.

माझा आज्जा धोतर नेसायचा. अंगात सैल सुती सदरा, पूर्ण बाह्यांचा, डोक्याला पटका. त्वचेची काळजी हे शब्द त्यानं कधी ऐकले नसतील, पण त्याच्या पोशाखात त्यातली अर्धी काळजी आपोआप घेतली जायची. हवा खेळायची, घाम टिपला जायचा, मान आणि कान उन्हापासून झाकलेले राहायचे. आजच्या पोरांनी धोतर नेसावं असं मी म्हणत नाही. घरी आल्याबरोबर जीन्स उतरवून सुती लुंगी नाहीतर सैल बरमुडा घाला एवढंच म्हणतो. अंडरपँट रोज बदला, सुती वापरा, उलटी करून वाळवा, ऊन असेल तर उन्हात. पाऊस असेल तर शिवणींवरून गरम इस्त्री फिरवा. बुरशी शिवणीत दडून राहते. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा. हे शेवटचं आमच्या घरांत सगळ्यांत अवघड जातं, कारण न्हाणीघराच्या दाराला टॉवेल एकच टांगलेला असतो आणि तो सकाळभर हातोहात फिरतो.

करदोट्याबद्दल मुद्दाम लिहायला हवं. आमच्याकडे मुलग्याच्या कमरेला लहानपणी काळा गोफ बांधतात तो जन्मभर राहतो. आंघोळीनंतर अंग पुसलं जातं, करदोटा ओलाच राहतो. कमरेभोवती पट्ट्यासारखा फिरलेला नायटा दिसला की करदोट्याकडे बघावं लागतं. त्वचारोगतज्ज्ञ तो काढायला सांगतात आणि इथं माणसं बिचकतात. कमरेला करदोटा नसणं अशुभ मानतात आणि बांधणारी आई बऱ्याचदा हयात नसते. ही भावना मला समजते. मी सांगतो, बरं होईपर्यंत काढा, मग सणाचा दिवस बघून नवा बांधा आणि तो आंघोळीनंतर रोज कोरडा करा. बहुतेकांना हे पटतं.

भातशेतीतला दुसरा त्रास चिखल्यांचा. लावणीच्या दिवसांत पाय सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाळात. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, फुगते, सुटते, मग खाली लाल मांस दिसतं आणि चालताना आग होते. शेतात जाण्यापूर्वी पायांना, बेचक्यांतही, व्हॅसलिनचा जाड थर लावला तर पाणी कातडीत कमी मुरतं. संध्याकाळी साबणानं पाय धुऊन जुन्या धोतराच्या किंवा लुगड्याच्या मऊ फडक्यानं एकेक बेचकं कोरडं करायचं, मग मलम लावायचं. एवढ्याशा भेगेतून जंतू आत शिरतात आणि पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल होऊन सुजतो, थंडी वाजून ताप भरतो. असं झालं तर रात्र काढू नका, तातडीनं दवाखाना गाठा. साखरेचा आजार असलेल्यांनी तर पावसाळाभर रोज रात्री दिव्याखाली तळवे बघावेत, स्वतःला वाकता येत नसेल तर नातवाला बघायला सांगावं.

चिखल्यांवर आणि टाचांच्या भेगांवर बिब्बा घालायची पद्धत अजून आहे. ती सोडा. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं, उततं, फोड येतात आणि मूळ दुखण्यापेक्षा त्याचाच उपचार करावा लागतो.

बेळगाव तालुक्यात कुस्तीचं वेड मोठं. यल्लूर, कंग्राळी, कडोली ही नावं घेतली तरी आखाडा डोळ्यांपुढं येतो. शहरात आनंदवाडीचं मैदान आहे. तालमीतल्या पोरांना नायटा, गळू, केस्तूड यांचा त्रास जास्त होतो याचं कारण उघड आहे. उघडं अंग उघड्या अंगाला घासतं, घाम एकमेकांच्या कातडीवर उतरतो, बारीक खरचटलेलं असतंच. आखाड्याच्या मातीत आपले वस्ताद तेल, ताक, हळद, लिंबू घालतात. माती मऊ आणि जिवंत ठेवायची ती जुनी रीत आहे, तिचा मला आदर आहे, पण तेवढ्यानं नायटा थांबत नाही. आंतरराष्ट्रीय कुस्तीत मल्ल मॅटवर उतरण्याआधी डॉक्टर त्याची तपासणी करतात आणि लागट त्वचारोग असेल तर त्याला खेळू देत नाहीत. आमच्या तालमींत हे काम वस्तादांना करता येईल. मेहनत झाली की लगेच आंघोळ, लंगोट रोज धुतलेला आणि ज्याचा त्याचा, अंगावर चट्टा असलेल्या पोराला बरं होईपर्यंत लढतीपासून सुट्टी. बैठका, जोर, दोर मारायला त्याला काहीच अडचण नाही. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनीही हे ध्यानात घ्यावं. पहाटे धावून आल्यावर घामाच्या टी-शर्टमध्येच तासभर बसून राहतात ती सवय वाईट. आणि भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कातडीही बघतात.

कामाचा कातडीवर काय परिणाम होतो हे आमच्याकडे फारसं बोललंच जात नाही, आणि मला त्याची फार काळजी वाटते. बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर काम करणारी मुलं बघा. कूलंट आणि ऑइल उडून कोपरापासून मनगटापर्यंत काळे ठिपके, बारीक फोड. मांडीवरही उठतात, कारण तेलात भिजलेली पँट दिवसभर अंगाला चिकटलेली असते. तेल केसांच्या मुळांशी तुंबतं आणि पुटकुळ्या येतात. ही तारुण्यपीटिका नव्हे, त्यावर चेहऱ्याचं मलम चालत नाही. अॅप्रन लावा, तेलकट कपडे रोज बदला, आणि हात रॉकेलनं किंवा थिनरनं धुऊ नका. त्यानं कातडीचं स्वतःचं तेलही निघून जातं आणि भेगा पडतात. गवंडीकाम करणाऱ्यांच्या हातांना सिमेंटमधल्या क्रोमियमची अॅलर्जी येते. एकदा आली की ती आयुष्यभर साथ करते, म्हणून हातमोजे पहिल्या दिवसापासून.

निपाणीकडे तंबाखूच्या शेतात आणखी वेगळी गोष्ट घडते. दवानं किंवा पावसानं ओली झालेली हिरवी पानं उघड्या हातांनी, उघड्या अंगानं उचलली की पानातलं निकोटिन कातडीतून रक्तात जातं. चक्कर, मळमळ, उलटी, डोकं धरणं. तंबाखू तोंडात न घालताही तिचा अंमल होतो. पानं कोरडी झाल्यावर काम करणं, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि भिजलेले कपडे लगेच बदलणं हाच त्यावरचा इलाज आहे. कातडी आत काहीच येऊ देत नाही अशी आपली समजूत असते. तसं ते नाही.

आणि काँग्रेस गवत. 1950 च्या दशकात पुण्याला पहिल्यांदा नोंद झालेलं हे गवत आज आमच्या प्रत्येक बांधावर, प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे. त्याचे सुकलेले बारीक कण हवेतून उडून कातडीवर बसतात. पन्नाशी-साठीतल्या शेतकऱ्याच्या पापण्या सुजलेल्या, मानेची आणि कोपराच्या आतली कातडी काळी, जाड, खाजरी, असं दिसलं की मला या गवताची शंका येते. हा त्रास बायकांपेक्षा पुरुषांत जास्त आढळतो. वर्षानुवर्षं ही माणसं 'ऊन सोसत नाही' म्हणत फिरतात. गवत फुलावर येण्याआधी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून आणि तोंडाला फडकं बांधून उपटावं. ज्याला ही अॅलर्जी आहे त्यानं ते काम दुसऱ्याकडे द्यावं. अशा काहींना शेवंतीचाही त्रास होतो, दोन्ही एकाच कुळातली.

चेहऱ्याचं म्हटलं तर लग्न ठरलेली मुलं येतात. "पंधरा दिवसांत उजळलं पाहिजे." गोरेपणाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये तेच स्टिरॉइड असतं. चेहरा आठवडाभर तुकतुकीत दिसतो, मग उन्हात गेलं की आग, लाली, पुटकुळ्या, नको तिथं केस. आणि क्रीम सोडली की सगळं आणखी वाढतं. काहींत पारा असतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात 2023 मध्ये अशा क्रीम वापरणाऱ्यांना मूत्रपिंडाचे विकार झाल्याचं उघडकीस आलं. सावळ्या पोराला गोरं करणारं कुठलंही औषध माझ्या दुकानात नाही आणि पोरांनो, त्याची तुम्हाला गरजही नाही. नवरीनं तुम्हाला बघूनच होकार दिलेला असतो.

दाढीचं थोडक्यात. आंघोळीनंतर केस मऊ असतात तेव्हा करा. केस ज्या दिशेला वाढतात त्या दिशेनं ब्लेड फिरवा, उलटं खरडल्यानं केस आत वळून वाढतात आणि हनुवटीखाली दाणे उठतात. न्हाव्याकडे गेलात तर नवं ब्लेड तुमच्यासमोर फोडायला सांगा, यात कुणाचा अपमान नाही. रक्तातून कावीळ ब आणि क पसरते. तीच गोष्ट तुरटीची. कापलं तर ती रक्त थांबवते, औषध चांगलंच आहे, पण दिवसभर सगळ्यांच्या गालांवरून फिरलेला खडा नको. आपला वेगळा खडा घरातून न्या.

रोजच्या काळजीला फार सामान लागत नाही. साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजायचा आकडा) नऊ-दहाच्या घरात, आणि निरोगी कातडी किंचित आम्ल, पाचच्या आसपास. दिवसातून दोनदा सगळं अंग साबणानं घासलं, वर बादलीत जंतुनाशकाचं टोपण ओतलं की तिचं वरचं संरक्षण धुऊन जातं. काखा, जांघा, पाय इथं साबण रोज लावा, बाकी अंगाला बेतानं. बंबातलं कढत पाणी बेळगावच्या थंडीत सुख देतं, पण कातडी उलते ती त्यानंच. कोमट घ्या. अंग पुसून ते अजून ओलसर असतानाच, पाचेक मिनिटांच्या आत, खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर हातापायांना लावा. चेहऱ्यावर पुटकुळ्या येत असतील त्यांनी तिथं खोबरेल लावू नये.

उन्हाबद्दल आमच्याकडे एक गैरसमज आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर, वारं गार, म्हणून ऊन लागत नाही असं वाटतं. अतिनील किरणांचा हवेच्या गारव्याशी काही संबंध नाही. ज्याला परवडतं त्यानं एसपीएफ 30 चं सनस्क्रीन घ्यावं; तर्जनी आणि मधलं बोट यांवर भरून दोन रेषा, एवढं चेहरा आणि मानेला मिळून लागतं, आणि बाहेर राहायचं असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. शेतातल्या माणसाला हे जमणार नाही हे मला ठाऊक आहे. त्यानं रुंद काठाची टोपी, नाहीतर मानेवर येईल असा टॉवेल आणि पूर्ण बाह्या, एवढं सांभाळलं तरी खूप झालं.

काही खुणा कातडीवर दिसतात, पण दुखणं आत असतं. मान काळी पडून मखमलीसारखी जाड होते तेव्हा पुरुष ती मळ समजून दगडानं घासतात. तो मळ नसतो. वाढलेल्या वजनाबरोबर अशी मान दिसली तर शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते, म्हणून साखर तपासावी. लघवीच्या जागी पुन्हापुन्हा खाज, लाली, चिरा पडत असतील तरी साखर तपासावी. ही तक्रार तर माणसं मरेपर्यंत सांगत नाहीत. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत, कमरेला, जांघेत बारीक पुरळ आहे, घरातल्या दोघातिघांना आहे, तर ती बहुधा खरूज. तिचं औषध गळ्यापासून तळव्यापर्यंत सगळ्या अंगाला, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं असतं, खाज नसलेल्यांनीही, आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे आठवड्यानं पुन्हा. नंतर दोन-तीन आठवडे थोडी खाज राहते, तेवढ्यावरून औषध लागू पडलं नाही असं समजू नका.

आणि एक चट्टा असा असतो जो खाजतच नाही. फिकट किंवा लालसर, तिथं घाम येत नाही, पिसानं स्पर्श केला तरी कळत नाही. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याच्या गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घेतल्या की तो पूर्ण बरा होतो, आणि उपचार सुरू झाला की थोड्याच दिवसांत दुसऱ्याला लागण व्हायची भीती राहत नाही. उशीर केला तर नसा कायमच्या जातात. न खाजणारा चट्टा दाखवायला खाजणाऱ्यापेक्षा जास्त लवकर जा.

बेळगावात जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, त्वचारोगाचा विभाग आहे. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, अर्ध्या, संपलेल्या, चेपलेल्या, मित्रानं दिलेल्याही. कोणती किती दिवस लावली ते खरं सांगा. त्या दिवशी चट्ट्यावर काही लावू नका, हळदसुद्धा नको, म्हणजे डॉक्टरांना कड नीट दिसेल आणि गरज पडली तर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघता येईल. करदोटा घरीच सोडून जा. बायकोला किंवा मुलांना खाज असेल तर त्यांनाही बरोबर न्या, एका फेरीत सगळ्यांचं होईल. आणि चिठ्ठी घेऊन दुकानात आलात की मलम कुठं, किती, कधीपर्यंत लावायचं हे विचारा. दुकानात कोण उभं आहे ते न बघता विचारा, मी किंवा माझ्यासारखा कुणीही मराठीत समजावून सांगेल, हवं तर ट्यूबच्या खोक्यावर पेनानं लिहूनही देईल.